उघाडीचा थांबा

पनवेलला ट्राम कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ‘वारसा ट्राम’ म्हणणार आणि कुणीतरी मला गाठून विचारणार, की अहो बाई, जी नव्हतीच तिचा वारसा कसला? मलाही हाच प्रश्न पडला होता. मी ज्यांच्या छोट्या कंपनीत आराखडे काढते त्या सबनीस सरांना मी तो पहिल्याच दिवशी विचारला. ते म्हणाले, जुनं बंदर आहे ना, खाडी आहे ना, मग जुन्या वळणाची गाडी फिरवली की झाला वारसा. बंदरापासून खाडीच्या बांधाबांधाने रूळ, त्यावर लाल-पिवळा डबा, पितळी घंटा, खिडकीतून पाणी आणि बगळे. कुठल्याशा मोठ्या साहेबांनी परदेशात असलं काहीतरी पाहिलं होतं आणि तिथे त्यांना पनवेल आठवलं होतं. माणसाला कुठे काय आठवेल, सांगता येत नाही.

ट्राम अजून कागदावरच आहे. पण त्या कागदापायी मला हिराजीमामा भेटले, आणि त्या कागदावर एक जागा आज बरोबर काढलेली आहे ती त्यांच्यामुळे. ती मी चुकीची काढली होती. नुसती चुकीची नाही, चांगली ठसठशीत अक्षरांत चुकीची.

मोजणीच्या कामात आकड्यांची उंच पट्टी धरून जो माणूस उभा राहतो त्याला खलाशी म्हणतात. हिराजीमामा आमचे खलाशी. सत्तरीच्या आसपासचे, काळे, काटक, अंगात गंजी, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेला. पायात काही नाही. मी पहिल्या दिवशी भारीतले गमबूट घालून गेले आणि दहा मिनिटांत एक बूट चिखलात ठेवून पुढे आले, तेव्हा त्यांनी तो उपसून काढला, पाण्यात खळबळून धुतला आणि माझ्या हातात देत म्हणाले, “बाय, हा घरी ठेव. चिखलाला पाय समजतो, बूट नाय समजत.” त्यानंतर मी त्यांची ‘बाय’च झाले. ऑफिसात मॅडम, विचुंब्याच्या सोसायटीत जोशीण, आणि बांधावर बाय. मला तिसरंच नाव आवडायचं.

खाडीकाठच्या तीस-पस्तीस घरांच्या पाड्यावर ते राहत. बाप मिठागरात राबलेला, स्वतः अर्धं आयुष्य मिठागरात आणि अर्धं भातशेतीत. मिठागर गेलं, शेतीही बरीचशी गेली, आणि मामा रोजावर पट्टी धरू लागले. त्या पट्टीला ते काठी म्हणत. काठी धरण्याचा त्यांचा एक नेम होता. मी दुर्बिणीतून आकडा वाचला की मोठ्याने बोलायचा. त्यांना तो कळो न कळो. मग ते विचारायचे, “नीट बघलंस? परत बघ.” मी परत बघायचे, परत बोलायचे, तेव्हा कुठे काठी उचलली जायची. सुरुवातीला माझा संताप व्हायचा. वर ऊन, खाली चिखल, आणि हे गृहस्थ मला शाळेतल्यासारखं दोनदा म्हणायला लावतायत. पण पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वाचनात माझी चूक सापडली, आणि मग मी गुमान दोनदा वाचू लागले.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, मधूनच मुडपलेली. काठी धरताना ती तशीच बाजूला राहायची. मला वाटलं, कुठल्यातरी कारखान्यात यंत्रात सापडली असतील. विचारलं नाही. मी बऱ्याच गोष्टी विचारल्या नाहीत, तो पुढचा भाग आहे.

घड्याळ ते वापरत नसत, पण भरती कधी ते मिनिटावर सांगत. हिशेब साधा होता. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमी असेल तर सहा, एकादशी असेल तर सव्वाआठ. “आनि समिंदराकडनं हिकडं याला अर्धा तास धर,” हे वर. मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून पडताळायचे. मामा एकदा तरी चुकावेत अशी माझी फार इच्छा होती. ते काही चुकले नाहीत.

दुपारी जेवायला बसलो की त्यांचा डबा आमच्या डब्यांना लाजवायचा. तांदळाची भाकरी, सुकट, आणि एखाद्या दिवशी वाटेत चिखलातून हाताने धरलेल्या निवट्या माशांचं कालवण. आज निवटे मिळाले की उद्या मामा आमच्यासाठीही पातेलंभर घेऊन येणार, हे ठरलेलं. एकदा चार चिंबोऱ्या मिळाल्या आणि ठेवायला काही नव्हतं, तर मामांनी त्या दुर्बिणीच्या रिकाम्या पेटीत ठेवल्या. नेमके त्या दिवशी सबनीस सर पाहणीला आले आणि त्यांनी पेटी उघडली. सरांना मी त्याआधी कधी उडी मारताना पाहिलं नव्हतं. मामा शांतपणे म्हणाले, साहेब, घाबरू नका, नांग्या बांधल्यात. सर पुढे वर्षभर कुठलीही पेटी उघडायच्या आधी तिला बोटाने टकटक करायचे.

ट्राम म्हणजे काय, हे त्यांना मी मोबाइलवर चित्र दाखवून सांगितलं. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि खो खो हसले. म्हणाले, ही तर आमची ढकलगाडी. मला काही कळेना. मग ते मला घरी घेऊन गेले. मामींनी चहा ठेवला आणि मामांनी ओटीच्या छपराकडे बोट केलं. छपराला दोन लोखंडी रुळांचा टेकू होता. पूर्वी मिठागरात असे बारीक रूळ होते, त्यावरून मिठाच्या ढकलगाड्या होडीपर्यंत नेत. मामांचे वडील ती गाडी ढकलत, आणि परत येताना रिकाम्या गाडीत पोरांना बसवून आणत. मिठागर बंद झालं तेव्हा वडिलांनी हे दोन तुकडे खांद्यावरून घरी आणले. “माजा बाप ट्रामचा डायवर,” मामा म्हणाले, “आनि इंजानबी तोच.”

मी त्या रुळांचा फोटो काढला, तो अहवालाच्या पहिल्या पानावर गेला आणि सबनीस सर एकदम खूश झाले. पनवेलला वारसा मिळाला होता. मामाही खूश. त्यांना ट्राम मनापासून हवी होती, हे इथेच सांगते. त्यांची अट एकच होती. पाड्याला थांबा पाहिजे. नाहीतर आम्ही काय घंटा ऐकत बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता माझी चूक.

बांधात मध्येच एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे दगडी बांधकामात बसवलेली लाकडी दारं, पाड्याकडचं पाणी खाडीत सोडण्यासाठी. मी कराडची. आमच्याकडे नदीचं पाणी एकाच दिशेने जातं, आणि बंद दार म्हणजे बंद दार. आम्ही त्या तुकड्यावर मोजणीला पोचलो ते माघातल्या अमावास्येच्या आसपास. तीन दिवस, तिन्ही दिवस अकरा ते दोन. म्हणजे मामांच्या हिशेबाने ऐन भरतीच्या वेळी. दारं घट्ट बंद, फळ्यांवर शेवाळ, आत जेमतेम डबकं. मी वहीत लिहिलं, ‘जुनी उघाडी, बंद, निरुपयोगी.’ मामा काठी धरून हातभर अंतरावर उभे होते. आकडा मी दोनदा मोठ्याने वाचला. हे शब्द मात्र मनातल्या मनात लिहिले.

निरुपयोगी म्हटल्यावर पुढचं आपोआप झालं. आराखड्यात उघाडीवर भराव आला, भरावावर रूळ, आणि रुळाशेजारी बाग आणि सेल्फी पॉइंट.

श्रावणात आराखडा लोकांना बघण्यासाठी सभागृहात लावला. टेबलावर ट्रामचं छोटं मॉडेल, त्याला खरी वाजणारी घंटा. गर्दी सगळी मॉडेलभोवती. मामा पांढरा सदरा घालून पाड्यातल्या चार जणांबरोबर आले आणि सरळ भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण नकाशा ते बोटाने चालत. बंदर, वळण, वडाचं झाड, स्मशानाची भिंत. बोट एका जागी येऊन थांबलं. त्यांनी मला बोलावून विचारलं, इथे काय? मी सांगितलं, भराव, बाग. त्यांनी नकाशावरचं बोट काढून घेतलं. मग इतकंच म्हणाले, उद्या एकादशी आहे, साडेअकराला बांधावर ये.

मी गेले. दोन दिवस धो धो पाऊस पडून गेला होता आणि पाड्याच्या बाजूला पाणी ओट्यांच्या पायरीला टेकलेलं. उघाडीची दारं बंद. मामा बांधावर बसले होते, मला शेजारी बसवलं. खाडी हळूहळू उतरत होती. बाराच्या सुमाराला दारांच्या खालून कुरकुर झाली, फळ्या थरथरल्या आणि दोन्ही दारं आपसूक बाहेरच्या बाजूला उचलली गेली. आतलं सगळं पाणी गढूळ लोंढ्याने खाडीत धावायला लागलं. कुणी हात लावला नव्हता. भरतीचं पाणी बाहेरून दारं दाबून बंद ठेवतं आणि ओहोटीला आतलं पाणी ती उघडतं, दिवसातून दोनदा, मामांच्या आज्ज्याच्या काळापासून. आणि मी लिहिलं होतं निरुपयोगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मामा बोलले. पाऊस लागायच्या आधी घरटी एक माणूस उघाडीवर यायचा, बिजागऱ्या घासायचा, फळ्यांना करंजाचं तेल पाजायचा, आणि हा कारभार वर्षानुवर्षं मामांकडे होता. आता पाड्यातली माणसं द्रोणागिरीच्या गोदामांत पाळीवर जातात, त्यामुळे पाच-सहाच येतात. एका पावसाळ्यात दारात ओंडका अडकला. दारं उघडेनात आणि पाणी घरांमध्ये खाटेच्या वर चढलं. मामा कमरेला दोर बांधून खाली उतरले आणि ओंडका काढला, तेव्हा दार हातावर आलं. त्यांनी ती दोन बोटं मला दाखवली. भराव पडला तर दर पावसाळा तसाच जाणार होता, फरक एवढाच की या खेपेला काढायला ओंडका नसणार.

मी ऑफिसात जाऊन सबनीस सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. पण अहवाल गेला होता, साहेबांनी मान डोलावली होती, आणि सर म्हणाले, आता नको, पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा म्हणजे काय ते मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले.

हरकतींची सुनावणी झाली. पाड्याची माणसं उघाडीसाठी भांडली. साहेबांनी फाइल उघडून वाचलं, ‘बंद, निरुपयोगी,’ आणि विचारलं, जागेवर जाऊन हे कुणी पाहिलं? सबनीस सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदांकडे. माझं नाव त्या पानावर खाली छापलेलं होतं, उभं राहून ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. मी उठले नाही. आणि मागच्या रांगेतून हिराजीमामा उठले.

“साहेब, काठी माज्या हातात व्हती,” ते म्हणाले. “मी सांगाला पायजे व्हतं, नाय सांगितलं. चूक माजी हाय.”

साहेब पुटपुटले, अशी माणसं कामावर ठेवल्यावर दुसरं काय होणार. पाड्यातले लोक मामांकडे वळून बघायला लागले. त्यांच्या उघाडीचा कारभारी, आणि त्यानेच घात केला. एकाने तर त्यांच्या तोंडावर सांगितलं, की आता बांधावर पाऊल टाकू नको. मामा खाली मान घालून बाहेर गेले आणि मी तिथेच बसून राहिले. आयुष्यात बऱ्याच वेळा मी मूर्खपणा केला आहे, पण त्या दिवशीसारखी हलकी कधी झाले नव्हते.

घरी जेवण गेलं नाही. नवऱ्याने काय झालं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, मग लिही ना, तुला आराखडे येतात तसं पत्रही येत असेल. कधीकधी बरा बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहिलं. नोंद माझी आहे, मी भरतीच्या वेळी पाहणी केली, खलाशाला काही विचारलं नाही, उघाडी चालू आहे, आणि ती बुजवली तर पाडा बुडेल. एकादशीला काढलेले उघड्या दारांचे फोटो जोडले, सही केली आणि स्वतः जाऊन साहेबांच्या कचेरीत दिलं. सबनीस सरांना प्रत दिली. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या टेबलावर कोरा कागद ठेवून म्हणाले, उघाडीवर पूल किती रुंद लागेल ते काढा.

मधल्या काळात मी पाड्यावर गेले. देवळाच्या ओट्यावर माणसं बसली होती, त्यांच्यासमोर पत्राची प्रत वाचून दाखवली. ज्याने बांधावर येऊ नको म्हटलं होतं तो उठला आणि मामांच्या घराकडे चालायला लागला, मीही मागोमाग गेले. त्याने मामांपुढे तंबाखूची डबी धरली. मामांनी चिमूट घेतली, आणि ते प्रकरण तिथे मिटलं.

माझ्यावर मात्र मामा भयंकर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. कशाला लिहिलंस, तुझी नोकरी गेली असती तर? मी म्हटलं, मग तुम्ही कशाला उठलात?

“तुजं नाव कागदावर हाय,” मामा म्हणाले. “माजं कुठं हाय? जे नाव कुठंच नाय, त्याच्यावर चूक टाकली तर काय बिघडतं?”

मला रडू आलं. मामींनी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि नवऱ्याला दटावलं, की बायला रडवलंत. त्या माणसाने मला वाचवायला आपली पाड्यातली पत घालवली होती, आणि वर त्याचा हिशेबही तिथीसारखा साधा करून ठेवला होता. मी तिथेच मनाशी ठरवलं की यापुढे ज्या कागदावर माझं नाव असेल त्यावर त्यांचंही असेल.

कार्तिकात त्या तुकड्याची फेरमोजणी निघाली. सरांनी दुसरा खलाशी देतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मग दुर्बीणही दुसऱ्याला द्या. सरांनी कपाळावर हात मारला आणि मामांना निरोप धाडला. या खेपेला वेळ मामांनी ठरवली. आम्ही ओहोटीला गेलो, भरतीलाही गेलो. दारं कुठवर उघडतात, पाणी कुठवर येतं, सगळं त्यांनी डबीतल्या चुन्याने दगडावर आखून दिलं आणि मी ते जसंच्या तसं उतरवलं. नकाशात आता उघाडीवर मोकळा पूल आहे आणि पुलाच्या अलीकडे पाड्याचा थांबा. अहवालात जागेवर काम केलेल्यांची यादी असते. तिच्यात पहिलं नाव हिराजीमामांचं आहे, पूर्ण, बापाच्या नावासकट. मोजणी चालू असतानाच कच्च्या यादीतून ते मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेले. फेरमोजणीनंतर आमची भेट झाली नव्हती. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं जे आहे ते त्या मोजणीच्या शेवटच्या दिवसाचं.

मी उघाडीच्या पलीकडे दुर्बीण लावून होते. अलीकडे, थांब्याच्या जागी खुंटी ठोकलेली आणि तिच्यावर काठी धरून मामा. ओहोटी होती, मधून पाणी खळाळत खाडीकडे चाललेलं. मी आकडा वाचला. त्यांनी हाताने खूण केली, परत. मी परत वाचला आणि ओरडून सांगितलं, मामा, झालं, या आता. ते आले नाहीत. त्यांनी काठी बांधावर आडवी ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून खुंटीशेजारचा दगड झटकला आणि त्यावर ऐसपैस बसले. मी पुन्हा हाक मारली. त्यांनी बंदराच्या दिशेने मान लांब करून बघितलं, वाकड्या बोटांचा हात रिक्षा थांबवायला करतात तसा पुढे केला आणि पलीकडून मला ओरडून सांगितलं,

“तू हो पुढं, बाय. मी गाडीनं येतंय.”